ऊन फुकट, रात्र महाग

वाळवा तालुक्यात आमच्या दाजींचा चार एकर ऊस आहे. गेल्या माघात त्यांच्याकडं दोन दिवस मुक्कामाला होतो. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. साडेअकराला थ्री फेज आली. स्टार्टर ‘ऑटो’वर होता, मोटर आपोआप सुरू झाली, आणि विहिरीकडून घरघर ऐकू येताच दाजी अंथरुणातून उठले. कानाला मफलर, पायात गमबूट, खांद्यावर खोरं, हातात बॅटरी. बांधावर पोचल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते मोबाईलवर भजन मोठ्यानं लावायचं. मला वाटलं, वय झालं, देवाधर्माकडं ओढा वाढला असेल. तर म्हणाले, "भजन माझ्यासाठी न्हाई रे. बिबट्याला कळावं, हितं माणूस हाय म्हणून."

शिराळा, वाळवा, कराड, पाटण या पट्ट्यात बिबट्या आता उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला असला की चार हातांवर काय बसलंय ते दिसत नाही. आम्ही पहाटे चारपर्यंत दारं धरली. एक सरी भरली की तिचं तोंड मातीनं बंद करायचं, पुढचीचं उघडायचं. पाणी बर्फासारखं. दाजींचं वय बासष्ट.

सौर वीज परवडते की कोळशाची, हा वाद हल्ली सगळीकडं ऐकू येतो आणि दोन्ही बाजूंकडं आकडे तयार असतात. त्या आकड्यांत ही रात्र मात्र कुणी धरत नाही. मी ती धरून हिशेब मांडायचं ठरवलं आहे.

पाच एचपीची मोटर तासाला चार युनिटच्या आसपास वीज खाते. आठ तास चालली तर तीस-बत्तीस युनिट. आपल्याकडच्या कोळशानं तेवढी वीज करायची तर वीस किलोच्या घरात कोळसा जाळावा लागतो. त्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के असते. म्हणजे दाजींच्या एका रात्रीच्या पाण्यापायी तिकडं चंद्रपूर, कोराडीकडं कुठंतरी सहा-सात किलो राख मागं राहते, आणि वीज अर्ध्या महाराष्ट्राचा प्रवास करून या विहिरीवर पोचते. एवढं सगळं करून ती येते कधी, तर माणसानं झोपायच्या वेळेला. असं का, याचं उत्तर जुनं आहे. दिवसा आणि संध्याकाळी कारखाने आणि शहरं वीज ओढतात. रात्री मागणी पडते, पण कोळशाचा बॉयलर काही चुलीसारखा फुंकर मारून विझवता येत नाही. तो चालूच ठेवायचा तर उरलेली वीज कुणाच्या तरी गळ्यात मारायला हवी. ते गळे शेतकऱ्यांचे. रात्रीची थ्री फेज ही कोळशाच्या सोयीनं लागलेली सवय आहे, हे एकदा लक्षात आलं की पुढचा वाद वेगळाच दिसायला लागतो.

सकाळी चहाला शेजारचे तात्या आले. साखर कारखान्यातल्या पॉवर हाऊसमध्ये, टर्बाइनवर, उभी हयात काढलेला माणूस. दाजींचा मुलगा पुण्याहून आलेला. दोघांची जुंपली. पोरगं म्हणालं, २०१० च्या सुमाराला सरकारनं पहिले लिलाव केले तेव्हा सौर विजेचा दर युनिटला दहा रुपयांच्या वर होता. २०१७ मध्ये राजस्थानात भाडलाला तो २ रुपये ४४ पैशांवर आला, २०२० च्या डिसेंबरात गुजरातमध्ये १ रुपया ९९ पैसे. आता कोळशाकडं बघायचंच कशाला? तात्यांनी बशी खाली ठेवली. "सूर्य मावळला की तुझं दोन रुपये चव्वेचाळीस पैसे जातंय कुठं? सांजच्याला सहा वाजता समद्या सांगलीत बटणं दाबली जात्यात. तवा कोण, तुझा सूर्य येतोय व्हय?"

दोघांचंही खरं होतं. दोघंही वीज ही बाजारातली हळद असल्यासारखं बोलत होते. पोतं आज भरलं, थप्पीला लावलं, भाव आला की विकलं. विजेचं तसं नाही. ती ज्या क्षणाला होते त्याच क्षणाला खपावी लागते. त्यामुळं दुपारी एकचं युनिट आणि रात्री आठचं युनिट हे दोन वेगळे माल आहेत. दुपारच्या मालात आज सूर्याशी कुणाची बरोबरी नाही. रात्रीच्या मालात सूर्य दुकानातच नाही. म्हणून ‘कुठली स्वस्त’ या प्रश्नाला ‘किती वाजता’ असा उलटा प्रश्न केल्याशिवाय मी तरी उत्तर देणार नाही.

सरकारलाही हे कळतं. २०२४ मध्ये राज्यानं एकच निविदा काढून पाच हजार मेगावॉट सौर आणि दीड हजारांच्या आसपास औष्णिक, म्हणजे कोळशाची, वीज एकत्र मागवली. दोन्ही मिळून सरासरी दर आला ४ रुपये ८ पैसे, त्यात सौर विजेचा २ रुपये ७० पैसे. सरासरी वर कुणी ओढली ते या दोन आकड्यांतच दिसतं. पण तो कोळशाचा जोडीदार रात्री लागतो म्हणून घेतला आहे, हेही तितकंच खरं.

आता तात्यांच्या बाजूची एक गोम. कोळशाची वीज ‘भरवशाची’ असं आपण म्हणतो ते पुरवठ्याच्या अर्थानं. दराच्या अर्थानं तिचा भरवसा कधीच नव्हता. घरचं वीजबिल काढा आणि ओळी वाचा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि त्याखाली इंधन समायोजन आकार. ही चौथी ओळ बहुतेक लोक वाचत नाहीत. इंधनाचा आणि वीजखरेदीचा खर्च अंदाजापेक्षा वाढला की फरक या ओळीतून आपल्याकडून वसूल होतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, जगात कोळसा कडाडला, इकडं उन्हाळ्यात कोळशाची टंचाई झाली आणि केंद्रानं वीज केंद्रांना परदेशी कोळसा मिसळायला सांगितलं. युद्ध कुठं, आणि भुर्दंड विट्यातल्या यंत्रमागवाल्याला. सौर प्रकल्पाचा दर एकदा करारात लिहिला की पंचवीस वर्षं तोच राहतो. उन्हाचा भाव कुठल्या युद्धानं वाढत नाही.

आणि इंधनाच्या भरवशाचं काय होतं हे आपण फार जवळून पाहिलेलं आहे. कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, पुढं गुहागर. तिथं एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प उभा राहिला. इंधन नाफ्था, हिशेब डॉलरमध्ये. तेल वर गेलं, रुपया खाली आला, आणि २००० साली त्या विजेचा दर युनिटला सात रुपयांच्या पुढं गेला. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्या काळातले सात रुपये, हे विसरू नका. तेव्हा सौर विजेला ‘श्रीमंतांचं खेळणं’ म्हणणारेच लोक त्या करारावर सह्या करत होते.

मला खरं बोलायचं आहे ते पाण्याबद्दल, कारण सांगली-सातारचा वीजप्रश्न हा मुळात पाणीप्रश्न आहे. कृष्णा खोलात वाहते आणि दुष्काळी गावं वर बसलेली. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना म्हणजे नदीला जिन्यावरून चढवायचा खटाटोप. टेंभूचं पाणी कराडखाली उचललं जातं आणि टप्प्याटप्प्यानं खानापूर, आटपाडीकडं नेलं जातं. म्हैसाळचं मिरज तालुक्यातून निघून जतपर्यंत. हिशेब साधा आहे. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी शंभर मीटर चढवायला, पंपांची गळती धरून, एक कोटीच्या वर युनिट लागतात. म्हणजे युनिटमागं एक रुपया वाचला तर एका टीएमसीमागं कोटभर रुपये वाचले. या योजनांचं पाणी अनेक टीएमसींत मोजतात आणि चढ शंभर मीटरवर थांबत नाही.

हे पैसे कोण भरतं? आता सूत्र असं आहे की वीजबिलाचा ८१ टक्के भाग सरकार भरतं आणि १९ टक्के लाभधारक शेतकरी. ते सूत्र येण्याआधी काय व्हायचं ते जत, कवठेमहांकाळच्या माणसाला विचारा. धरणात पाणी, नदीत पाणी, पंप तयार, कालवे तयार, आणि थकबाकीपायी वीज तोडलेली. द्राक्षबागा टँकरवर जगवायच्या आणि पलीकडं कोरडा कालवा बघायचा. मोर्चे निघायचे, निवडणुका त्यावर व्हायच्या. भगीरथाला गंगा आणायला तप करावं लागलं, आम्हाला वीजबिल भरावं लागतं, असं एक म्हातारे गृहस्थ आटपाडीच्या बाजारात म्हणाले होते.

सौर विजेवरचा सगळ्यात मोठा आक्षेप म्हणजे रात्र. पण उपसा योजनेला रात्रीची गरजच काय? पाणी दुपारी चढवा, तलावात सोडा, ते तिथंच बसून राहतं. बॅटरी नको, रसायन नको. पाझर तलाव हीच बॅटरी, शेततळं हीच बॅटरी, आणि ती आपल्या गावात आधीच खोदलेली आहे. ज्या मोजक्या कामांना उन्हाच्या वेळापत्रकानं चालायला काहीच हरकत नाही त्यात पाणी उपसणं सगळ्यात वर येतं. म्हैसाळ योजना सौर विजेवर नेण्यासाठी जत तालुक्यात प्रकल्प उभा करायचं सरकारनं ठरवलं आहे, ते या दृष्टीनं अगदी बरोबर आहे. माझी तक्रार एवढीच की हे सगळ्यात आधी व्हायला हवं होतं. शहरातल्या बंगल्यांच्या गच्च्यांना ७८ हजारांपर्यंत अनुदान द्यायच्या आधी. गच्चीवाला दुपारी ग्रिडला वीज देतो आणि रात्री तीच परत मागतो. त्याची रात्र दुसऱ्या कुणीतरी सांभाळायची. म्हैसाळचा पंप रात्र मागतच नाही.

मग सांगली शहराची रात्र? तात्यांचा प्रश्न उरतोच. त्याचं अर्धं उत्तर आपल्याच डोंगरात आहे. कोयना. १,९६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प, आणि जलविद्युतचं वैशिष्ट्य असं की नळासारखी उघडता-बंद करता येते. बॉयलर तापायची वाट बघायला नको. कृष्णा पाणी तंट्याच्या निवाड्यानं कोयनेचं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी वीज करून पश्चिमेला सोडायची मुभा दिली. उरलेलं पूर्वेला येतं, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळतं आणि जरा खाली टेंभूला उचललं जातं. म्हणजे एकाच धरणातला एक लोटा पश्चिमेला पडला तर वीज देतो आणि तोच पूर्वेला आला तर वीज मागतो. इतका उघडा जमाखर्च दुसऱ्या कुठल्या खोऱ्यात असेल असं मला वाटत नाही. दुपारी सूर्य असताना कोयनेचा एक थेंबही पश्चिमेला जाऊ नये. सगळा संध्याकाळी सहा ते दहासाठी राखावा. कोयना मुख्यतः त्यासाठीच वापरली जाते, पण ‘मुख्यतः’ आणि ‘फक्त’ यांत बरंच पाणी वाहून जातं.

बॅटऱ्याही आता उपऱ्या राहिल्या नाहीत. २०२२ मध्ये देशात मोठ्या बॅटरी साठवणुकीची निविदा निघाली तेव्हा दर होता मेगावॉटमागं महिन्याला दहा लाखांच्या वर. दोन-तीन वर्षांत तशाच साठवणुकीच्या निविदा अडीच लाखांच्या खाली आल्या. तरी घाईनं कोळसा उद्याच बंद करा असं मी म्हणणार नाही. भाद्रपदात आठ दिवस झड लागली तर बॅटरी दोन तास पुरते, आठ दिवस नाही.

इथं स्वच्छ विजेच्या भक्तांना जरा टोचायला हवं, कारण मीही त्यांच्यातलाच आहे. पाटणच्या वर वनकुसवड्याच्या पठारावर आणि ठोसेघरजवळ चाळकेवाडीला पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याला आता पाव शतक होऊन गेलं. २००३ मध्ये वीज नियामक आयोगानं पवनविजेला युनिटला साडेतीन रुपये दर दिला, दर वर्षी पंधरा पैसे वाढत जाणारा, तेरा वर्षांसाठी. त्यावर यंत्राच्या किमतीचा ऐंशी टक्के घसारा पहिल्याच वर्षी दाखवून आयकर वाचवायची सोय. मालक मुंबईचे, पुण्याचे. पात्यांकडं आयुष्यात एकदाही न पाहिलेले. वीज किती होते यापेक्षा कर किती वाचतो यात त्यांना रस. आणि ज्यांच्या सड्यावर ती उभी राहिली त्यांच्या जमिनी दलालांमार्फत कवडीमोलानं गेल्या, ही तक्रार त्या गावांत आजही ऐकू येते. पाती फिरतात गावाच्या डोक्यावर, पैसा फिरतो भलतीकडं.

चाळकेवाडीच्या सड्यावर आणखी एक गोष्ट घडली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथं पाहणी केली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी झाले होते. पक्षी नाहीत म्हणून सरडे माजले होते, त्यांना माणूस जवळ आला तरी पळावंसं वाटत नव्हतं. (विणीच्या हंगामात निळा-नारिंगी गळा फुगवणाऱ्या या सरड्यांच्या वंशाला शास्त्रज्ञांनी नावही आपल्याच ‘सरडा’ या शब्दावरून दिलंय, ‘सारडा’.) हा खर्च कुठल्या युनिटमध्ये धरायचा? कोळशाची राख धरायची तर घारीही धराव्या लागतील. आणि कोयनेची धरणग्रस्त गावं? साठ वर्षं उलटली, त्यांचे वारस अजून जमिनीसाठी धरणं धरून बसतात. धरणासाठी उठले आणि धरणं धरून बसले. स्वच्छ वीज ही धुरापुरती स्वच्छ असते. आता उदंचन प्रकल्पांची चर्चा याच डोंगरांत सुरू आहे, खालचं पाणी दुपारी वर चढवून संध्याकाळी पाडायचं. कल्पना उत्तम आहे, मी वर तेच मागितलं. पण वनकुसवड्याची खरेदीखतं आणि कोयनेची उठलेली गावं लक्षात ठेवून जे विचारतील, त्यांना विकासविरोधी म्हणू नये.

त्या मानानं सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीचा व्यवहार बरा बसवला आहे. जमीन विकत न घेता भाड्यानं, हेक्टरला वर्षाला सव्वा लाख, दर वर्षी तीन टक्के वाढ. जतच्या माळावर बाजरीनं कधी एकराला पन्नास हजार दिले? एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, गावाशेजारच्या उपकेंद्राला वीज जोडली जाते आणि त्या फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून शेतीकडं जाणाऱ्या वाहिनीवरच्या, सगळ्या मोटरींना दिवसा वीज मिळते. दर तीन रुपयांच्या आसपास.

पण याच सरकारची दुसरी योजना म्हणजे प्रत्येकाच्या रानात वेगळा सौर पंप. दहा टक्के भरा, पंप घ्या. लोक घेतायत आणि मी त्यांना दोष देत नाही. जोडणीची वाट बघून कंटाळलेला माणूस दुसरं काय करेल. तरी हा महाग मार्ग आहे. माझ्या एका भावकीतल्या द्राक्षवाल्याकडं असा पंप आहे. सकाळी दहापर्यंत मोटर दम धरत नाही, बोअर खोल असल्यानं ढग आला की पाणी पाईपातच थांबतं. बसवणाऱ्या कंपनीला तीनदा फोन केले, चौथ्यांदा त्यानं स्वतःच फडकं घेऊन पॅनल पुसले. आणि छाटणीनंतरचे काही आठवडे सोडले, पावसाळा सोडला, बेदाणा रॅकवर असताना बागेला ताण दिलेले दिवस सोडले, तर पॅनल नुसतेच ऊन खात पडलेले असतात. त्यांची वीज कुठंच जात नाही. तेच पॅनल फीडरला जोडलेले असते तर त्या दिवसांत मिरजेच्या शीतगृहातली हळद आणि बेदाणा थंड राहिला असता.

आता शेवटची गोष्ट, जी बोलली की आमच्याकडं लोक तोंड फिरवतात. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. मोफत म्हणजे राज्याची तिजोरी वीज कंपनीला पैसे देते. तिजोरीतून जाणारा पैसा कमी करायचा तर स्वस्त वीज दिवसा द्यावीच लागेल. सौर फीडरमागची सरकारची घाई त्यातूनच आली आहे, आणि हेतू कुठलाही असो, दाजींची रात्र सुटणार असेल तर मला चालेल. पण शून्याच्या बिलानं एक नुकसान केलंय. आधी शेतकरी बिल वाचून भांडायचा तरी. आता त्याच्या विजेला खर्च किती आला, ती कोळशाची होती की उन्हाची, दिवसा आली की रात्री, हे विचारायचं कारणच त्याच्याकडं उरलं नाही. माझं म्हणणं, शून्याच्या बिलावरही छापा: इतकी युनिटं, त्यातली इतकी रात्रीची, सरकारनं भरलेली रक्कम इतकी. मग गावची ग्रामसभा आकडा दाखवून दिवसाची वीज मागू शकेल.

दाजींना हे सांगितलं. ते ऐकत ऐकत देवळीतला डबा काढत होते. त्यात जुनी बिलं, पावत्या, उसाच्या टोळीचा हिशेब. शून्याचं बिलही त्यांनी घडी घालून त्यातच ठेवलं होतं. शेजारच्या गावचा फीडर सौरवर गेलाय, तिकडं नऊ वाजता लाईट येते आणि पाचला जाते, हे त्यांना ठाऊक होतं. "तिकडं आता दिवसा समद्यांच्या मोटरी येकदम चालू व्हत्यात, डीपी तापतीया म्हणं," ते म्हणाले. मग चष्मा काढून डबा बंद केला. "तापूंदे. डीपी बदलता येतीया."